चि. टेस्टकुमारचं लग्न मोडलं त्याची हकीगत

समस्त आप्तेष्ट, स्नेही, हितचिंतक आणि सॉफ्टवेअर क्षेत्रातील सर्व मान्यवरांना अत्यंत जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, सोलापुरातील एका मंगल कार्यालयात योजिलेला चि. टेस्टकुमार आणि चि. सौ. कां. डमी यांचा शुभविवाह मोडला आहे. वधूवर सुखरूप आहेत, कारण ते जन्मालाच आलेले नाहीत. ज्यांनी आहेर घेऊन ठेवला असेल, त्यांनी तो घरी वापरायला काढावा.

हे लग्न मोडताना मी तिथे हजर होते. नुसती हजर नव्हते, मध्यस्थी करत होते. प्रोग्रामिंगच्या इतक्या वर्षांच्या नोकरीधंद्यात माझ्यावर लग्न मोडायची वेळ येईल असं कुणी सांगितलं असतं, तर मी इंजिनिअरिंगऐवजी वकिली केली असती.

सोलापुरात सात रस्ता चौकात एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस आहे. मी, माझा सहकारी इरफान आणि एक एसी, जो आमच्यात सगळ्यात कमी काम करतो. इरफान टेस्टर आहे. टेस्टर म्हणजे मी लिहिलेला प्रोग्राम कुठे कुठे मोडतो हे शोधून आनंदाने मला येऊन सांगणारा माणूस. आम्ही गावातल्या लोकांना लागेल ते सॉफ्टवेअर करून देतो. दवाखाना, टॉवेलचा कारखाना, क्लास. आणि उरलेल्या वेळात मी मराठीत ब्लॉग लिहिते. प्रोग्रामिंग म्हणजे काय, पुण्या-बेंगळुरूकडची मंडळी काय काय फॅशन काढतात, त्यातलं आपल्या उपयोगाचं काय, असलं काहीतरी. तो फारसं कुणी वाचत नाही अशी माझी समजूत होती. त्या समजुतीमुळेच मी मोकळेपणाने लिहायचे.

तर मल्लिनाथअण्णा. अण्णांचं मंगल कार्यालय शहराच्या बाहेर, विजापूरच्या रस्त्याला. घरात कन्नड, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि राग आला की दोन्ही. त्यांना बुकिंगचं सॉफ्टवेअर हवं होतं. तारीख मोकळी असेल तर हिरवी, लागलेली असेल तर लाल. एका तारखेला एकच लग्न. साधं काम होतं. पण अण्णांनी एक अट घातली.

"मॅडम, बुकिंग करायला सोपं पाहिजे. लग्न मोडायला अवघड पाहिजे."

कारण त्यांच्याकडे एकदा असं झालं होतं. एका मुलीच्या कुठल्याशा मामाने रुसून कार्यालयात फोन केला आणि "लग्न मोडलंय, तारीख सोडा" म्हणून सांगितलं. अण्णांनी सोडली. आणि ठरल्या दिवशी वरात दारात. आत दुसऱ्याच कुणाच्या मंगलाष्टका चालू. अण्णा म्हणाले, "त्या दिवशी मी मागच्या भिंतीवरून उडी मारून पळालो. ह्या वयात." तेव्हापासून कार्यालयाचा कडक नियम होता. लग्न मोडायचं तर दोन्हीकडच्या माणसांनी स्वतः येऊन सांगायचं.

हा नियम मी सॉफ्टवेअरमध्ये घातला. बुकिंगच्या वेळी वधूपक्षाचा एक मोबाइल नंबर आणि वरपक्षाचा एक. रद्द करायचं असेल तर दोन्ही फोनवर ओटीपी जाणार. ओटीपी म्हणजे तो आकडा, जो कुणालाही सांगू नका असं बँक आपल्याला सारखी बजावत असते. दोन्हीकडचे आकडे आले, तरच लग्न मोडणार. मला हे इतकं आवडलं की मी त्यावर ब्लॉग लिहिला. नाव न घेता अण्णांचं कौतुक केलं.

आता सॉफ्टवेअर सुरू करायचा दिवस. आमच्यात पद्धत अशी, की प्रोग्रामच्या दोन प्रती असतात. एक लाइव्ह, म्हणजे खऱ्या गिऱ्हाइकांची. दुसरी टेस्टची, म्हणजे शिकायला, खेळायला, हवं ते बिघडवायला. शिकवणी नेहमी टेस्टच्या प्रतीवर द्यायची. इरफान तीच उघडून बसला होता.

अण्णांनी विचारलं, "हे खरं मशीन आहे का?"

"नाही अण्णा, शिकायचं आहे. ह्याच्यात काहीही केलं तरी चालतं."

"म्हणजे खोटं. नारळ फोडून मी खोट्या मशीनवर हात चालवू? लोक काय म्हणतील?"

लोक म्हणजे मी, इरफान आणि कार्यालयाचा आचारी. पण नारळ फुटला होता, हळदीकुंकू वाहून झालं होतं. इरफानने माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं, आणि लाइव्ह उघडलं गेलं. अण्णांनी स्वतःच्या हाताने पहिलं बुकिंग केलं. नावं इरफानने सांगितली. टेस्टकुमार आणि डमी ही आमच्या धंद्यातली घरची नावं. तारीख मात्र अण्णांनी पंचांग बघून निवडली, सीझनमधली उत्तमातली उत्तम. मोबाइल नंबर आला तेव्हा वधूपक्षाला इरफानने स्वतःचा दिला. वरपक्षाला म्हणाला, "टाका अण्णा, कोणतेबी दहा आकडे." अण्णांनी बोटं चालवली. तारीख लाल झाली. टाळ्या. पेढे.

"आता हे डिलीट करू," इरफान म्हणाला.

अण्णांनी त्याचा हात धरला. "पहिलं लग्न आहे रे. नारळ अजून ओला आहे. आजच मोडतोस?"

नंतर इरफानने त्यांना अनेकदा आठवण करून दिली. एकदा सोमवार होता. एकदा अमावास्या. एकदा घरात बारसं. अण्णांचं म्हणणं, मोडायचं तरी चांगल्या दिवशी मोडू. आणि पंचांगात लग्न करायला मुहूर्त असतात, मोडायला नसतात. शेवटी इरफानही विसरला. टेस्टकुमार आणि डमी ती तारीख अडवून सुखाने बसले.

आणि मग एका दुपारी अण्णांचा फोन. "मॅडम, ताबडतोब या. टेस्टकुमार नडला."

मी आणि इरफान स्कूटरवरून पोचलो. अण्णांच्या टेबलासमोर दोघं बसलेली. करकंबचे एक शेतकरी, त्यांना सगळे नाना म्हणत होते, आणि त्यांची मुलगी रोहिणी. ती सोलापुरातच एका दवाखान्यात नर्स आहे. पायाशी नवी पेठेतल्या कापडदुकानांच्या पिशव्यांचा ढीग. म्हणजे बस्ता बांधून झाला होता आणि हॉल अजून मिळायचा होता.

"मॅडम," नाना म्हणाले, "पोरगा मिल्ट्रीत हाय. सुट्टी मोजून मिळालीय. त्या सुट्टीत दोन्हीकडच्या पंचांगवाल्या म्हाराजास्नी पटलेली तारीख एकच. सगळी कार्यालयं फिरलो. कुटंच जागा न्हाय. आणि हितं ह्ये म्हन्त्यात, कुना टेस्टकुमारचं लगीन हाय, पन त्यो मानूसच न्हाय. ह्ये काय हाय म्हनायचं?"

मला मुहूर्ताचं फार कळत नाही. आमच्याकडे लग्नाला मुहूर्त बघत नाहीत, रविवार बघतात. पण सुट्टी मला कळते. रोहिणीने शांतपणे सांगितलं, "ही तारीख गेली की तो परत सीमेवर. मग पुढची सुट्टी कधी, ते त्यालाही माहीत नाही. लग्न आधीच एकदा पुढे गेलंय."

मी म्हटलं, काळजी करू नका. खुर्ची ओढली, लॅपटॉप उघडला. डेटाबेस म्हणजे सॉफ्टवेअरचं कोठार, सगळी माहिती तिथे असते. तिथे थेट जाऊन एक ओळ लिहिली की टेस्टकुमार नाहीसा. चहा यायच्या आत काम झालं असतं.

"थांबा," अण्णा म्हणाले.

त्यांनी खिशातून फोन काढला, चष्मा लावला, आणि खड्या आवाजात वाचायला लागले. "'लाइव्ह डेटाला मागच्या दाराने कधीही हात लावू नये. मागच्या दाराने शिरणारा प्रोग्रामर चोर नसेलही. पण घरच्यांना ते कळायचं कसं?'" मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "हे कुणी लिहिलंय?"

मी लिहिलं होतं. माझ्या ब्लॉगवर. अण्णा माझा ब्लॉग वाचत होते! आयुष्यात पहिल्यांदा एका वाचकाने माझं वाक्य पाठ केल्यासारखं म्हणून दाखवलं, आणि मला त्याचा गळा दाबावासा वाटला.

"अण्णा, तो खोटा नवरदेव आहे!"

"मॅडम, आज खोटा. उद्या?"

आणि नाना खुर्चीत पुढे सरकले. "थांबा थांबा. म्हंजे तुमी तितं बसून कुनाचंबी लगीन गुपचूप मोडू शकता व्हय? मंग आमचं बुकिंग केल्यावर त्येची काय ग्यारंटी?"

मी लॅपटॉप मिटला. प्रश्न बरोबर होता. तारीख मिळणं जितकं महत्त्वाचं, तितकंच ती टिकणं. त्यांच्या डोळ्यांदेखत मी मागच्या दाराने शिरले असते, तर हिरव्या झालेल्या त्या चौकोनावर त्यांनी विश्वास का ठेवावा? राहिला पुढचा दरवाजा. दोन ओटीपी.

अण्णांनी पहिल्यांदाच "रद्द करा" हे बटण दाबलं. दाबताना डोळे मिटले होते. इरफानचा फोन वाजला.

"मुलीकडून कोण?" नानांनी विचारलं.

"मी," इरफान म्हणाला. "डमीचा भाऊ समजा."

"तुमचं काय म्हननं हाय?"

"आमाला हे स्थळ पयल्यापासूनच पसंत नव्हतं, नाना."

रोहिणी त्या दुपारी पहिल्यांदा हसली. वधूपक्षाचा ओटीपी भरला गेला. राहिला वरपक्ष. सुरक्षेसाठी स्क्रीनवर नंबरचे शेवटचे दोनच आकडे दिसतात. ते पाहून अण्णांचा चेहरा उतरला.

"कुणाचा नंबर आहे अण्णा?"

अण्णा पंख्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सिद्रामचा."

सिद्राम म्हणजे अण्णांचा धाकटा भाऊ. हे कार्यालय दोघांनी मिळून उभारलेलं. मग भांडण झालं. जमिनीवरून नाही, वाटणीवरून नाही. पंगत की बुफे यावरून. सिद्राम म्हणाला जमाना बुफेचा आहे. अण्णा म्हणाले, माणूस ताट हातात घेऊन उभा राहतो ते तुरुंगात. शब्दाला शब्द लागला. सिद्राम अक्कलकोटला निघून गेला, त्यानंतर दोघं बोललेच नाहीत. पण जुन्या दिवसांत कार्यालयाचा नंबर म्हणून सिद्रामचाच नंबर जगाला दिलेला होता. "कोणतेबी दहा आकडे" म्हटल्यावर अण्णांच्या बोटांनी तोच टाकला होता. बोटांना भांडण कळवलेलं नव्हतं.

अण्णा म्हणाले, "मी फोन करणार नाही. तुम्ही करा."

इरफानने केला. स्पीकरवर.

"नमस्कार साहेब, तुमच्या मोबाइलवर एक ओटीपी आला आसंल बघा…"

"बँकेतून बोलतोस का?"

"नाही साहेब, लग्नातून."

"कुणाच्या?"

"टेस्टकुमारच्या. मोडायचं आहे."

"हा नवीन प्रकार काढलाय काय रे तुम्ही लोकांनी?" फोन बंद.

मग मी केला. माझ्या आवाजात भारदस्तपणा आहे असा माझा समज. "नमस्कार. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर बोलतेय."

"मघाच्या चोराची बायको का?"

फोन बंद. इरफानने त्याच्या घरी हे कळू नये अशी विनंती केली. दरम्यान ओटीपीची मुदत संपली. आम्ही दुसरा पाठवला. तिसरा पाठवला. चौथ्या फोनला सिद्रामनी पोलिसांत जाण्याची भाषा केली. त्यांचं काहीच चुकत नव्हतं. ओटीपी कुणाला सांगू नका, हे शिकवायला आमच्याच क्षेत्राने इतकी वर्षं घसा कोरडा केला होता. शिकणारा एक माणूस भेटला, तो नेमका हा.

नाना पिशव्या गोळा करायला लागले. "चल पोरी. बगू दुसरं कुटं, गावात मांडव टाकू."

"एवढं पाहुणं गावात कुठं ठेवायचं नाना?" रोहिणी म्हणाली. पण ती उठली नाही. तिने खुर्ची अण्णांकडे वळवली.

"काका, एक विचारू? तो तिकडे बर्फात उभा आहे. रेंज मिळाली की आधी तारखेचं विचारतो. आणि तुम्ही पंख्याखाली बसून सख्ख्या भावाला एक फोन लावू शकत नाही?"

अण्णांना असं बोलायची कुणाची टाप नाही. इरफानने भिंतीवरचं कॅलेंडर फार मन लावून वाचायला घेतलं.

अण्णांनी फोन उचलला. नंबर सेव्ह नव्हता. एकेक आकडा दाबला, कुठेही न अडता.

"हॅलो."

"मल्लिनाथ बोलतोय."

पलीकडून एकदम कन्नडमध्ये, घाबरलेला आवाज. "यार सत्त्रु?"

म्हणजे, कोण गेलं? बोलणं तुटलेल्या घरात फोन आला की पहिला प्रश्न हाच असतो.

"कुणी गेलं नाही. लग्न आहे."

"कुणाचं?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. "टेस्टकुमारचं," ते म्हणाले.

"अण्णा, तूसुद्धा त्या चोरांत सामील झालास?"

मग अण्णांनी सगळं सांगितलं. नारळ, खरं मशीन, दहा आकडे, करकंबची मुलगी, सीमेवरचा जावई. पलीकडून फक्त "हं" येत होतं. शेवटी सिद्राम म्हणाले, "मला मेसेज आला होता तेव्हा. 'अभिनंदन, आपलं बुकिंग झालं आहे.' तुझ्या कार्यालयाच्या नावाने. पहिल्यांदा वाटलं चुकून आला. मग वाटलं, तू मुद्दाम पाठवलास. बोलायचं निमित्त म्हणून. अजून आहे फोनमध्ये. काढला नाही."

अण्णा टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिले.

"बरं," सिद्राम म्हणाले. "ओटीपी देतो. पण त्या मुलीच्या लग्नात एक बुफेचा काउंटर लागला पाहिजे. एकच."

"पंगत मोडणार नाही मी."

"मोडू नको. बाजूला लाव."

"पाणीपुरीचा लावतो," अण्णा म्हणाले. "ती उभ्यानेच खातात."

इरफानने ताजा ओटीपी पाठवला, सिद्रामनी आकडे सांगितले. अण्णांनी भरले. स्क्रीनवर लाल चौकोन क्षणभर तसाच राहिला, मग हिरवा झाला. टेस्टकुमार आणि डमी यांचा संसार सुरू होण्याआधीच संपला. अण्णांनी हात जोडले. कुणाला ते मी विचारलं नाही.

रोहिणीचं लग्न ठरल्या तारखेला लागलं. मी पंगतीला जेवले आणि मग उभ्याने पाणीपुरीही खाल्ली. काउंटरपाशी सिद्राम स्वतः उभे राहून लोकांना आग्रह करत होते, आणि अण्णा लांबून ते बघत नसल्याचं दाखवत होते.

धंद्यातला धडा म्हणाल तर तो अगदी साधा आहे. शिकवणी टेस्टच्या प्रतीवरच द्यावी, नारळही तिच्यासमोरच फोडावा. आणि दुसरा असा, की आपण नियम कितीही घट्ट बांधला तरी वापरणारा माणूस त्याच्याकडे एकदा नीट पाहतो आणि त्यात स्वतःची सोय शोधतो. हे मी त्याच दुपारी, तारीख हिरवी झाल्यावर लगेच शिकले. अण्णा रोहिणीचं बुकिंग भरत होते. आधी वधूपक्षाचा मोबाइल नंबर, खाली वरपक्षाचा. नाना व्याह्यांचा नंबर शोधायला फोन चाचपडत होते. अण्णा समजावून सांगत होते की दोन्हीकडचे दोन आकडे मिळाल्याशिवाय आता कुणी, अगदी मॅडमसुद्धा, हे लग्न मोडू शकणार नाहीत. रोहिणीने वडिलांच्या हातातला फोन काढून घेतला, टेबलावर पालथा ठेवला आणि सगळ्या कार्यालयाला ऐकू जाईल अशी म्हणाली,

"दोन्हीकडं माझाच नंबर टाका! बघू कोण मोडतंय ते."